शुक्रवारपर्यंतचे आवाज

हॅलो?… हां ताई, बोल.

अगं ऐक ना, स्क्रीन निळी दिसतेय म्हणजे बिघडलं नाहीये काही. नवीन सिस्टिम बसतेय. आज अख्ख्या हॉस्पिटलची मशीन्स करतोय. सर्व्हरवर एकच शेअर्ड फोल्डर केलाय, सगळं त्यात. मशीन सुरू झालं की आपलं आपण तिथून उचलतं, जुनं पुसतं, नवं बसवतं. नाहीतर एकेका मशीनपुढे माशा मारत बसायचो मी…

कुठलं? तुझ्या खोलीतलं?

छे, तुझं कसं होईल? रेकॉर्डिंगचं मशीन वगळलंय मी. वगळायच्या यादीत पहिलंच आहे… थांब, उघडतो. हे बघ, तुझ्या मशीनचा नंबर, शेवटचे आकडे तीन-एक. तुझ्या मशीनमागच्या चिठ्ठीवर बघ ना.

सात-नऊ?

…

ताई, मंगळवारी मी तुझं नेटवर्कचं कार्ड बदललं. कार्डाबरोबर नंबर बदलतो गं. यादीत जुनाच राहिला.

नको, बंद करून आता काही उपयोग नाही. पुसून झालंय.

हो, हो… अगं, पेशंटचे आवाज सर्व्हरवर आहेत. दर शुक्रवारी कॉपी होते. शुक्रवारपर्यंतचा एकूण एक आवाज आहे, शप्पथ.

कालचा?… काल कोण आलं होतं?

ते मास्तर? घशाच्या ऑपरेशनचे… आज आहे?

मग थांबव त्यांना. दहा मिनिटं माग. मी लॅपटॉप घेऊन येतो, पुन्हा बोलू देत. जा ना, धाव. फोन ठेवू नकोस.

…

हां.

कधी नेलं?… साडेआठला. म्हणजे स्वरयंत्र काढलं असेल एव्हाना.

काय काय बोलले होते गं?… घरातल्या एकेकाला हाक मारून ठेवली होती? सगळ्यांना?

त्यांच्या मुलीच्या फोनमध्ये असेल की काहीतरी, एखादा बोलून पाठवलेला निरोप. विचार तिला. कशाला ते नको सांगूस…

विचारलंस आधीच. कधीच नाही? नुसता फोनच करायचे…

ताई, रडू नकोस. मला शिव्या दे हव्या तर.

कुठे बसलीये ती?… नाही, तू नको. कार्ड मी बदललं, यादी मी केली. मीच सांगतो तिला.

हो, मी जिन्यातच आहे. ठेव.