तापाची मॉक ड्रिल

आमच्या सासूबाईंचा हा पराक्रम तुम्हाला सांगायचाच राहिला. फ्लूची साथ आली तर घरी काय करायचं, याची शाळेतून चिठ्ठी आली होती. नवरा मानकोलीला गोडाऊनमध्ये कामाला, तिथं आगीची मॉक ड्रिल होते. तो म्हणाला, आपण तापाची करू. लेक खोटी आजारी पडून मागच्या खोलीत गेली, ताट-पेला वेगळा काढला. सासूबाईंना दारात खुर्ची दिली, कुणाला आत सोडायचं नाही म्हणून.

"पोरीला काय झालेलं न्हाय, मंग ही थेरं कशाला?" त्या कुरकुरल्या.

महिन्याभरात लेकीला खरोखर फ्लू झाला. आपल्याकडे आजाऱ्याला बघायला गेलं नाही तर जन्मभर ऐकावं लागतं. संध्याकाळी अख्खी भावकी दारात, पुढे चुलत सासूबाई, हातात बिस्किटांचे पुडे. आमच्या सासूबाई मास्क लावून खुर्चीत.

"बिस्किटं हितं ठेवा. पोरीला खिडकीतनं बघा."

चुलत सासूबाई फणकाऱ्यानं गेल्या. लेक आठवड्यात बरी झाली, धाकटा मुलगा शिंकलासुद्धा नाही. मग चुलत सासूबाईंचाच खोकत फोन आला, "वैनी, आमच्या घरात सगळे तापानं झोपलेत. आता तरी बघायला येशील ना?"

"येते की," सासूबाई म्हणाल्या. "खिडकी उघडून ठेव."