रस्त्याचं बारसं

माझं माहेर तीर्थपुरीचं, सासर आष्टीचं. जालना जिल्हा झाला त्याच्या मागोमाग आम्ही नवराबायको सासूबाईला घेऊन जालना शहरात रस्त्याच्या कामावर आल्तो. मी खडी फोडायची आन् माझी पाच महिन्यांची लेक बाभळीला बांधलेल्या झोळीत. काय सांगू तुम्हाला, मी पांदीत वाढलेली बाई, समोरून बैलगाडी आली की काट्यात अंग चोरायचं, तेवढीच वाट मला ठावी. आन् हा रस्ता असा रुंद, की ह्या कडंनं हाक मारली तर त्या कडंच्या बाईला ऐकू जाऊ न्हाई. मुकादम हमीदभाईला इचारलं, एवढ्या रस्त्यानं जाणार कोण, तर म्हणे, सरूबाई, आता आपला जिल्हा झालाय, साहेबलोकांच्या मोटारी वळायला जागा नको का, तू हात जल्दी चालव.

लेकीचं बारसं राह्यलं होतं. नाव ठेवायचा मान आत्याचा, आन् माझ्या नवऱ्याला बहीणच न्हाई, सख्खी न्हाई, चुलत न्हाई. मानलेली चालती म्हणा, पण परगावात आपल्याला मानणार कोण. सासूबाई म्हणायच्या, आत्याबिगर बिलकुल न्हाई, लेकराला लाभत न्हाई. लेक बिननावाची वाढून राह्यली, माझा जीव तुटायचा.

मंग रस्ता झाला. हमीदभाई म्हणले, उद्या रस्त्याचं नाव ठेवायचंय, समदे या. आम्हा बायांना वाटलं, नाव ठेवायचं म्हणजे बारसंच की. आम्ही हरभरे शिजवले, टोपलंभर घुगऱ्या आन् हळदीकुंकू घेऊन गेलो. तिथं मंडप, खुर्च्या, कडक इस्त्रीची माणसं. एक साहेब हसून म्हणला, बाळंतीण कुठंय? मी टोपलं पदराखाली घेतलं.

निजामाच्या वक्ताला लढलेले एक दिनकरराव, त्यांचं नाव रस्त्याला द्यायचं होतं. ते वारलेले, म्हणून पाटीचा पडदा ओढायला त्यांची म्हातारी बहीण आल्ती. पडदा ओढला आन् ती सरळ आमच्याकडं आली. टोपल्यातल्या मूठभर घुगऱ्या तोंडात टाकल्या, माझ्या कडंवरच्या लेकीचं नाव इचारलं. मी म्हणलं, ठेवलं न्हाई, आत्याच न्हाई.

तिनं पाटीकडं पाह्यलं. मंग म्हणली, माझ्या भावाच्या नावाचा रस्ता तुझ्या नवऱ्यानं बांधला, मंग मी त्याची बहीण न्हाई का?

लेक तिनं उचलून घेतली, पाटीखाली उभी राह्यली आन् कानात नाव सांगितलं, गोदावरी. तिच्या आईचं नाव ते. सासूबाई तिच्या पाया पडल्या. त्या साहेबानंबी घुगऱ्या मागून खाल्ल्या.

आता त्या रस्त्याला चार-चार मजली दुकानं झाली, पाटीवरची अक्षरं उडाली, लोक नुस्तं मोठा रोड म्हणतात. रिक्षावाल्याला मी पुरं नाव सांगते, त्याला कळत न्हाई, मंग बोटानं दाखवते.

परवा माझ्या पोराला पोरगा झाला, बारशाला गोदा आली. म्हणलं, आत्याबाई, पहिल्यांदा मोठ्या रोडला जाऊन ये. ती गेली, पाटीच्या खांबाला हळदीकुंकू लावलं, बुडाशी मूठभर घुगऱ्या ठेवल्या, मंग घरी येऊन भाच्याच्या कानाला लागली. त्या म्हातारीला देवानं चांगल्या ठिकाणी ठेवलं असंल. आन् त्या रस्त्यानं जाणारा बराबर घरी पोचो.