ताटी ओली, खोली कोरडी

मनोहरराव : ...अन् वरून म्हणतो वाळा असली आहे! चार दिवस झाले ही वाळ्याची ताटी पश्चिमेच्या दाराले लावून. तासातासाले पाणी मारून राहिलो मी, अन् खोली पाहा. हात लाव भिंतीले. भाकर भाजून निघन. अजून सारा मे महिना बाकी आहे, कवडू. गवत मिसळलं असन तं सांगून दे.

कवडू : वीस वर्सं झाले भाऊ मले तुमच्या घरी ताट्या बांधून देता. मिसळायचं असतं तं पहिल्याच साली मिसळलं असतं. नाक लावून वास घ्या ना जी.

रंभाबाई : वास मस्त येते, कवडू. पण दारातच येते. आत नाही येत.

मनोहरराव : तू मधात बोलू नोको वं.

रंभाबाई : काहून नोको? काल दुपारी निजून पाह्यलं मी या खोलीत. ओठ फुटले. खाटेवर ओला पंचा टांगला, तो घटकाभरात वाळून कडक. तुम्ही तिकडं ओसरीत घोरत होते. मंग इथं सातव्या महिन्याची गरोदर पोर कशी निजन?

कवडू : गोपीताई येऊन राहिल्या काय बाळंतपणाले?

रंभाबाई : यायची हाय. पण तिची सासू अडून बसली. मागच्या उन्हाळ्यात याच खोलीत गोपीले चक्कर आली, दोन दिवस सलाईन लावा लागलं. आता म्हणते, त्या भट्टीत सूनबाईले धाडत नाही. शनिवारी जावई येऊन राहिले, अनंतराव. खोली पाहतीन. पटली तं आठवड्यात गोपी घरी. नाही पटली तं पहिलं बाळंतपण सासरी.

मनोहरराव : अनंतराव समजदार माणूस आहे. उद्या सदरच्या बाजारात जातो अन् विजेचा कूलर घेऊन येतो. विषय संपला.

कवडू : कूलरनं बी हेच होईन, भाऊ.

मनोहरराव : तुले कूलरमधलं काय समजते गा?

कवडू : कूलरमधलं नाही समजत जी. हवेतलं समजते. बाई, एक उदबत्ती पेटवून द्या बरं.

(कवडू पेटती उदबत्ती ताटीच्या आतल्या बाजूला धरतो. बाहेर भणाण वारा सुटला आहे. उदबत्तीचा धूर मात्र सरळ वर जातो.)

कवडू : पाहा. बाहेर माही टोपी उडून राहिली, अन् इथं धूर हलत बी नाही. मतलब ताटीतून हवा आतच येत नाही. ताटी ओली, खोली कोरडी. पश्चिमेकून हवा आत यायची तं समोरून बाहेर जायले रस्ता पाहिजे ना? पहिले समोर खिडकी होती इथं, कडुनिंबाकडची. बराबर याद हाय मले. आजकाल ताटी बाहेरूनच लावून जातो मी, आत येणं होत नाही. कुठं गेली ते खिडकी?

रंभाबाई : सांगा ना, कुठं गेली ते.

मनोहरराव : बुजवली.

कवडू : कोणं?

रंभाबाई : यायनंच. चार वर्सांमागं घराची वाटणी झाली. कडुनिंबाचं आंगण देवरावभाऊजीच्या वाट्याले गेलं. एक दिवस भाऊजी रागात बोलून गेले, तुमची खिडकी माह्या आंगणात काहून उघडते म्हणून. झालं. हे उठले, विटा आणल्या. रेल्वेतून रजा काढली बाप्पा, गवंडी बी नाही बोलावला. दिवसभरात खिडकी बंद अन् सख्ख्या भावासंग बोलणं बी बंद.

मनोहरराव : माझ्या बापाच्या घरात माझ्याहून लहान भाऊ मले असं म्हणते, अन् मी ऐकून घेऊ?

रंभाबाई : त्यायनं एक शब्द टाकला. भित तुम्ही घातली.

मनोहरराव : कवडू, दुसरा उपाय सांग. स्लॅबले चुना मारतो. वरून कापसाची वाळली पऱ्हाटी पसरवतो, तिच्यावर पाणी मारतो.

कवडू : मारा ना. स्लॅब थोडा निवन. पण हवा नाही येणार. तुमाले दुसरा उपाय पाहिजे, अन् दुसरा उपाय नाही जी.

रंभाबाई : कवडू, ते कोपऱ्यातली लोखंडी सब्बल दे इकडं.

मनोहरराव : काय करून राहिली वं?

रंभाबाई : खिडकी उघडून राहिली.

मनोहरराव : देवरावले न विचारता? अन् त्याच्या दारात मी पाय ठेवणार नाही. आताच सांगून ठेवतो.

रंभाबाई : नका ठेवू. भाऊजी बोलतीन तं मले बोलतीन. मी या घरात आली तवा ते चौथीत होते, डबा मी भरून देत होती त्यायचा. माहा काही अपमान होत नाही.

मनोहरराव : सारं हुडकेश्वर म्हणन, मनोहरराव नमला.

रंभाबाई : म्हणू द्या. पोरीनं पत्रात काय लिवलं ते वाचलं ना तुम्ही? आई, मले भेव लागते, तू जवळ पाहिजे. सारं पत्र हालहवाल विचारता विचारता शेवटी तेवढीच एक ओळ. त्या दिवसापासून अन्न गोड लागत नाही मले. पोर तिकडं घाबरून राहिली, अन् तिच्या-माह्या मधात काय हाय? ह्या दहा-बारा थर विटा! मी नखानं काढीन, पण काढीन.

मनोहरराव : दे ते सब्बल.

रंभाबाई : नाही देत.

मनोहरराव : दे म्हणतो ना. तुले नाही जमणार. चिक्कार सिमेंट घातलं होतं मी. कुठून सुटते ते मलेच माहीत आहे.

कवडू : वरून घ्या, भाऊ. वरच्या चौकटीखालून.

मनोहरराव : सरक गा तू. हं! हं!

रंभाबाई : हळू जी, कंबर सांभाळा.

कवडू : थांबा, थांबा! भितीपलीकून कोणी आवाज देऊन राहिलं. देवरावभाऊच हायत.

देवराव : कोण ठोकून राहिलं तिकून?

मनोहरराव : मी.

देवराव : दादा?

मनोहरराव : हो. खिडकी उघडून राहिलो. गोपी यायची आहे बाळंतपणाले, अन् तिच्या खोलीत हवा नाही. तुले काही म्हणायचं असन तं आताच म्हणून घे. मी ऐकतो.

रंभाबाई : भाऊजी, जे म्हणायचं ते मले म्हणा.

देवराव : सब्बल खाली ठेव, दादा.

मनोहरराव : नाही ठेवत.

देवराव : ठेव म्हणतो ना. तिकून पाडशीन तं सारा मलबा पोरीच्या खोलीत पडन. मी इकून काढतो.