एकोणीस दगडांची तोंडे उगवतीला

जबाब
दि. १० फेब्रुवारी २०२५, वार सोमवार, सकाळी ११.२० वा.

मी सौ. सविता भागवत बुधवंत, वय ३४ वर्षे, शिक्षण बारावी, व्यवसाय गाईड (आधी ‘घरकाम’ लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडले आहे), रा. टाकळी नाका, ता. जिंतूर, जि. परभणी.

समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून जबाब देते की, मी वरील ठिकाणी पती भागवत, दोन मुली व सासू कमलबाई बन्सीधर बुधवंत यांच्यासह राहते. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आमचे गाव जंगलाच्या कडेला, जिल्ह्याच्या शिवेवर आहे. पूर्वेची टेकडी ओलांडली की वऱ्हाड लागते. निजामाच्या काळी शिवेवर करोडगिरीचा नाका होता, येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर तिथे कर घेत. त्याच्या दोन भिंती अजून उभ्या आहेत. जवळच शिवेचा जुना दगड आहे. परभणी-नांदेडकडचे पाहुणे तिथे एक पाय निजामात आणि एक पाय इंग्रजात ठेवून फोटो काढतात. त्यांना नाका दाखवणे, जंगलातून फिरवणे आणि महादेवाच्या कड्यावरून दोराने खाली उतरवणे हे काम मी तीन वर्षांपासून करते. गावच्या वन समितीने मला तसे ओळखपत्र दिले आहे. ते सध्या हवालदार साहेबांच्या टेबलावर, पेपरवेटखाली आहे.

ओळखपत्र जमा करून घेण्याचे कारण असे की, काल रविवारी आमच्या जंगलात झालेल्या पळण्याच्या शर्यतीत एक्केचाळीस माणसे हरवली. ‘गाईडने मुद्दाम खुणा फिरवल्या’ अशी तक्रार शर्यत भरवणारे शिवप्रकाश स्वामी, रा. परभणी, यांनी दिली आहे. मुद्दाम फिरवल्याचे ठरले तर हे कार्ड मला परत मिळणार नाही, असे वन समितीने कळवले आहे. हरवलेली सर्व माणसे सुखरूप सापडली असून त्यांची पोटेही भरलेली होती, याची नोंद घ्यावी.

शिवप्रकाश सरांचे परभणीत सायकलींचे दुकान आहे. बुधवार दि. ५ रोजी ते गावी आले. शर्यत बारा किलोमीटरची, नाक्यापासून निघून महादेवाच्या कड्यापाशी संपणार होती. वळणावळणावर दगड रंगवून ठेवायचे ठरले. सर म्हणाले, “ताई, रंग असा पाहिजे की हिरव्या रानात लांबून उठून दिसला पाहिजे.” त्यांनी ऑइलपेंटचा डबा काढून दिला. रंग शेंदरी होता. मी घागरीएवढे एकोणीस दगड निवडले, गुरुवारी दिवसभर ते शेंदरी रंगवले, वर पांढऱ्या रंगाने बाण काढला आणि बाणाचे टोक वाटेच्या दिशेला करून एकेक उभा रोवला. बाण मोठा दिसावा म्हणून टोक दगडाच्या पुढच्या अंगावर जरा उतरवले होते.

शेंदरी दगड झाडाखाली उभा केला की आमच्या भागात त्याचे काय होते, हे मला कळायला हवे होते. मी याच मातीतली आहे. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात शर्यत होती, देव नव्हता. सर तर परभणीचेच, घरी रोज पूजा करणारे, त्यांच्याही लक्षात आले नाही. दोन शहाणे एकत्र आले की असेच होते.

शुक्रवारी सकाळी मी वाट तपासली. बाण बरोबर होते. मात्र चौथ्या दगडापुढे अर्धा नारळ व सहाव्यापुढे उदबत्ती दिसली. वाटेत गावची कुसुमबाई भेटली. ती म्हणाली, “सविते, आपल्या रानात म्हसोबा निघालाय बाई. एक न्हाई, लय निघालेत!” मी तिला सांगितले की ही शर्यतीची खूण आहे. त्यावर ती म्हणाली, “खूण तर हायच की. देवाची खूण.” तिने माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. मी तो खाल्ला. तिथेच मी जोर लावून सांगायला हवे होते.

शनिवारी मी दिवसभर कड्यावर दोर बांधण्यात गुंतले होते. मुलींच्या सांगण्यानुसार आत्या सकाळी नऊला घराबाहेर पडल्या व संध्याकाळी साडेसहाला परतल्या. कुठे गेला होतात, असे विचारता ‘हळदीकुंकवाला’ म्हणाल्या. त्यांचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून दुखतो, त्या काठी घेऊन चालतात. रात्री मी त्यांच्या गुडघ्याला तेल लावून दिले.

काल सकाळी ६.३० वा. शर्यत सुटली. सुटण्यापूर्वी सरांनी पळणाऱ्यांना बजावले, “बाण सांगतो तिकडं पळा. मधी कुणालाच विचारत बसू नका.” सरांच्या सांगण्यावरून मी आधीच कड्यावर जाऊन थांबले होते. पहिला गडी आठपर्यंत यायला हवा होता. आठ वाजले, कुणी नाही. नऊ वाजले, साडेनऊ झाले, कड्यावर मी, मागून गाडीने आलेले सर आणि सत्तर केळी एवढेच होतो. खाली रानात फोनला रेंज नाही. पळणाऱ्यांत एक मधुमेहाचे काका होते, दोन कॉलेजच्या मुली होत्या. तीन वर्षांत माझ्या हातून एकाही पाहुण्याला खरचटलेले नव्हते.

सकाळी ११.१० वा. सरांना अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडचा माणूस म्हणाला, “तुमची माणसं वऱ्हाडात हायती. जेवायला बसायलीत.” एवढे बोलून फोन कटला. सर म्हणाले, “लग्नात? कुणाच्या लग्नात?” आणि गाडी काढून पश्चिमेकडच्या दोन गावांतल्या दोन लग्नांत शोधून आले. दुसऱ्या मांडवात त्यांना आहेराची टोपी घातली, ती आज इथे पोलीस ठाण्यातही त्यांच्या डोक्यावर आहे. मी त्यांना मागून ओरडून सांगत होते की सर, वऱ्हाड म्हणजे शिवेपलीकडचा मुलूख. गाडीच्या आवाजात त्यांना ते ऐकू गेले नाही.

मी एकटी कड्याकडून दगडांच्या वाटेने उलटी निघाले. पहिल्याच दगडापाशी काय झाले ते समजले. बाणाचे टोक, जे मी उत्तरेला करून ठेवले होते, ते पूर्वेला होते. टोकाच्या दोन्ही बाजूंना चांदीच्या पत्र्याचे दोन डोळे चिकटवलेले होते. म्हणजे ज्याने कोणी हे केले त्याने बाणाच्या टोकाला देवाचे नाक समजले. नाक जिकडे, तोंड तिकडे. आणि देवाचे तोंड उगवतीला हवे, म्हणून दगड फिरवला. पुढे दुसरा तसाच, तिसरा तसाच. सगळ्यांची तोंडे पूर्वेला, सगळ्यांना डोळे. पळणारे बिचारे लांबून दिसणारा पुढचा शेंदरी दगड गाठत, प्रत्येक नाकाच्या रोखाने वळत पूर्वेला सरकत गेले व शीव ओलांडून थेट वऱ्हाडात उतरले.

प्रत्येक दगडापाशी जमिनीत काठी टेकल्याचे गोल ठसे होते. काठी गावात पुष्कळांकडे आहे.

दुपारी १.३० वा. सर्व एक्केचाळीस जण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून परत आले. त्यांच्याकडून समजले की, टेकडी उतरल्यावर समोर खरोखरच लग्नाचा मांडव होता. मुलीकडच्यांना वाटले ही मुलाकडची पाहुणेमंडळी. छातीवर नंबर पाहून त्यांनी सगळ्यांना पंगतीत नंबरवार बसवले. म्हणजे ते वऱ्हाडातही होते आणि वऱ्हाडातही होते, सर अगदीच चुकले नव्हते. मधुमेहाच्या काकांनी बुंदी खाल्ली नाही, असे ते स्वतः सांगतात. वाटेतले नारळ-खोबरे शर्यतीच्या लोकांनीच ताकदीसाठी ठेवले असावे असे समजून त्यांनी तेही खाल्ले होते.

दगड कोणी फिरवले, असे हवालदार दत्तराव साहेबांनी विचारले असता मी सांगते की, मी फिरवलेले नाहीत.

मग कोणी फिरवले, असे पुन्हा विचारले असता मी सांगते की, मला माहीत नाही.

कोणावर संशय आहे काय, असे विचारले असता मी पाणी मागितले. पाणी दिले.

साहेब म्हणाले, “ताई, नाव सांगितलं तर तुमचं कार्ड आत्ता देतो. न्हाई सांगितलं तर संशय तुमच्यावरच राहातो.” मी सांगते की संशय माझ्यावर राहू द्यावा. दगड मी रंगवले, बाण मी काढले, शुक्रवारी नारळ पाहूनही मी गप्प बसले. कार्ड गेले तर मला वाईट वाटेल, फार वाईट वाटेल. तीन वर्षे शेजारीपाजारी कुणी ‘सून कुठं गेली’ विचारले की आमच्या घरून ‘सरपणाला गेलीय’ असे उत्तर जायचे. या कार्डावर माझा फोटो आहे आणि खाली गाईड असे छापलेले आहे. तरी मला नाव सांगायचे नाही.

येथे आत्या कमलबाई काठी टेकत व्हरांड्यातून आत आल्या. त्यांना कुणी बोलावले नव्हते. त्या साहेबांना म्हणाल्या, “तिला काय इचारायलाव? दगड म्याच फिरवले.”

इतके दगड तुम्ही या गुडघ्याने कसे फिरवले, असे साहेबांनी विचारले. आत्या म्हणाल्या, “एकेक करून. घाई कुठं होती?” कशासाठी फिरवले, असे विचारले. आत्या म्हणाल्या, “देवाचं त्वांड उगवती सोडून भलतीकडं ठिवतेत का कुठं? कुण्या येड्यानं बसवले काय ठाऊक!” हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

डोळे कशाला लावले, असे साहेबांनी विचारले. आत्या म्हणाल्या, “ही एकली रानात फिरती. परक्या माणसाला दोराला बांधून कड्यावरून खाली सोडती. म्या हितं घरी बसून असती, गुडघा हा असा. येका येका देवाला सांगितलं, माझी सून ह्या वाटंनं जाती, तिच्यावर नजर ठिव. आता नजर ठिवायची म्हणल्यावर डोळं नकोत का त्याला?”

हे मला माहीत नव्हते. जबाब लिहिणे चार मिनिटे थांबवले होते. साहेबांनी मला पुन्हा पाणी दिले, ते मी मागितले नव्हते.

शिवप्रकाश सर बाकावर बसून हे ऐकत होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली व तक्रार मागे घेण्याचा अर्ज लिहायला कागद मागितला. पुढच्या वर्षी दगड परत उत्तरेला फिरवता येतील का, असे त्यांनी आत्यांना अदबीने विचारले. आत्या म्हणाल्या, “देव बसला की बसला. तुमीच शर्यत उगवतीला घ्या. काल पळाली त्यांना इचारा, जेवण बी चांगलं व्हतं.” साहेबांनी पेपरवेट उचलून कार्ड माझ्याकडे सरकवले.

शेजारच्या टेबलावर आता आत्यांचा जबाब सुरू आहे. नाव झाले, वय अंदाजे ६८ झाले. व्यवसाय काय लिहू, असे विचारल्यावर त्यांनी दिलेले उत्तर मला इथपर्यंत स्पष्ट ऐकू आले, म्हणून माझ्या जबाबात नोंदवण्यास सांगत आहे.

“लिवा,” त्या म्हणाल्या, “गाईडची सासू.”

हा माझा जबाब मला मराठीत मोठ्याने वाचून दाखवला. पलीकडच्या टेबलावरून आत्यांनीही तो ऐकला व मधे दोनदा ‘बराबर हाय’ म्हणाल्या. माझ्या सांगण्याप्रमाणे तो तंतोतंत लिहिला आहे, दोन्ही व्यवसायांसकट खरा आहे, म्हणून खाली सही करत आहे.

(सही) सविता भागवत बुधवंत, गाईड
समक्ष : (सही) दत्तराव, हवालदार