चारची शिट्टी

जुन्या मशीनमध्ये लिनक्स घालायचा नाद वाईट रे. आमच्या इंदिरानगरच्या घरी बाबांनी फोटो ठेवायला वायफायला जोडायचा हार्ड डिस्कचा डबा घेतला होता. वीज वाचावी म्हणून तो रोज दुपारी चारला आपोआप चालू होईल आणि रात्री बंद होईल, असं त्यांनी लावून ठेवलेलं. चालू झाला की बारीक शिट्टी वाजायची आणि बाबा आईला म्हणायचे, "साहेब उठले, चहा टाक."

बाबा गेले, तरी डबा चारला वाजायचा. यंदा तो मध्येच अडकायला लागला. कंपनीने अपडेट केव्हाच बंद केलेले. मग एका रविवारी मी कंपनीची सिस्टीम काढून लिनक्स टाकलं. कितीदा तरी नुसता लाल दिवा लागला, पण संध्याकाळी डबा सुरू झाला एकदाचा. फोटो सगळे शाबूत. डबा आता दिवसभर चालू, आवाज नाही की काही नाही. मी खूश.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर आई म्हणाली, "तुझा डबा बंद पडला रे. वाजलाच नाही."

"उलट आता तो बंदच होत नाही, आई. तू चहा घेतलास ना?"

"नाही. वाट बघत होते."

मी लगेच बसलो, आणि रोज चारला शिट्टी वाजेल असं त्यात लिहून टाकलं. शनिवारी मी घरीच होतो. बरोबर चारला वाजली. आई जागची हलली नाही.

"आई, वाजली की."

"ऐकली रे," ती म्हणाली. "पण आता ती तू वाजवतोस ना."