दसऱ्याच्या पूजेतला ग्रंथ

माझ्या सासूबाईंना तुम्ही भोळ्या म्हणता ना? मग ऐका. परवा कोरीटला आमच्या घरी नंदुरबारचे एक पास्टर आले. त्यांच्या आजोबांनी गाव सोडताना ख्रिस्ती धर्मशास्त्राचा एक ग्रंथ माझ्या आजेसासऱ्यांकडे सांभाळायला दिला होता. शिळाप्रेसवर छापलेली पहिली आवृत्ती! तो न्यायला ते आले होते.

सासूबाईंनी लाल फडक्यातला ग्रंथ आणला. पास्टरांनी उघडला, तर पहिल्या पानावर हळदीची बोटंच बोटं. दर दसऱ्याला पाटी-पुस्तकांच्या पूजेत त्या तोही मांडायच्या. मी पडले कॉलेजची ग्रंथपाल, माझा जीवच गेला.

"अहो आई, हे चर्चचं पुस्तक! माहीत नव्हतं का तुम्हाला?"

"माहीत शे ना व," त्या शांतपणे म्हणाल्या. "म्हनीसन तर कुकू नही लावं कधी. त्यास्नामा कुकू लावतस नही. नुसती हळद लावी, कसर-किडा लागाले नको म्हनीसन."

पास्टर बराच वेळ त्या पिवळ्या पानावरून हात फिरवत बसले. मग त्यांनी ग्रंथ पुन्हा फडक्यात बांधला आणि सासूबाईंच्या हातात दिला.

"माय, यंदाना दसरा व्हई जाऊ दे," ते म्हणाले. "मंग लई जासू."