मामीचा फैसला

भिलाई-३ रेल्वे स्टेशनच्या तिकीट खिडकीपुढे ठकूबाई रांगेत उभी होती. तिच्या मागे एक तरुण पोरगी आपल्या मामीला गाडीत बसवायला आली होती, आणि मामीचा आवाज काही केल्या खाली येत नव्हता.

“बैठकीत मले पंच केलं, करिष्मा! गरिबाच्या मोहल्ल्यातली एक बाई पायजे म्हने.”

“मग चांगलंच झालं ना, मामी?”

“काय चांगलं? सरपंचाच्या भावानं आमच्या पान्याच्या बोरिंगचा रस्ता काटे टाकून बंद केला, त्याचाच निवाडा होता. मले बोलूच दिलं नाही. रस्ता भावाचाच, असं सरपंचानं घरूनच लिहून आनलं होतं. मले म्हने, अंगठा लाव.”

“लावला?”

“मी सातवी शिकली, अंगठा कावून लावू? कागद वाचला अन् खाली लिवलं, मले मंजूर नाही. सरपंचानं माह्या तोंडावर कागद फाडला!”

“अन् बाकीचे पंच?”

“खाली पाहत बसले. आता म्हनतात, बैठकीचा अपमान केला, आज सगळ्यांसमोर माफी माग.”

“मांगून टाक ना. बात खतम करो. गावातच राहायचं हाय तुले.”

“आमच्या बाया पल्याडच्या गावातून पानी आनून राहिल्या, अन् माफी मी मांगू?”

“मग आज गावाले जातेस कायले?”

“साऱ्या बायाईले घेऊन काटे उपटाले. पंच हावो मी. हा माहा फैसला.”

ठकूबाईची पाळी आली होती. ती खिडकीपासून बाजूला सरकली.

“तू पुढं हो, बाई. पयले तुहं तिकीट काढ.”